घबराहट म्हणजे भीती नव्हे

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. लखनौत हा दुर्गुण जरा जास्तच उठून दिसतो, कारण इथं माणसं भांडतानासुद्धा 'आप' म्हणतात. मी साताऱ्याची. आमच्याकडे जेवायला बोलावलं तरी शेजाऱ्यांना वाटतं, मारामारी लागली. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी आम्ही मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो आणि मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात इमर्जन्सीची डॉक्टर म्हणून लागले.

तिथं पहिल्याच महिन्यात मी संशोधनाचा विषय काढला, तर सगळे हसले. इमर्जन्सीत कसलं आलंय संशोधन? ते हृदयवाल्यांनी करावं, मेंदूवाल्यांनी करावं. आपण पेशंट घ्यायचा, जिवंत ठेवायचा आणि वरच्या मजल्यावर पाठवायचा. म्हटलं, अहो, पण कुणाला वर पाठवायचं आणि कुणाला घरी, हे तर आपल्याच दारात ठरतं! कुणी मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा नुसतं तोंडानं म्हणता येत होतं. त्याचा अर्थ कळला तो माझ्या एका चुकीमुळे. पुढं ती चूक पेपरात, म्हणजे माझ्या शोधनिबंधात, लिहू नका, असं मला सांगण्यात आलं. मी लिहिली.

निशातगंजच्या एक बाई होत्या. वय पंचावन्नच्या आसपास. सकाळी दहाच्या सुमाराला मुलाबरोबर चालत आल्या, हातात भाजीची पिशवी, कारण बाजारातूनच थेट आल्या होत्या. घरचे त्यांना अम्मा म्हणत, मीही तेच म्हणते.

"डॉक्टर साहिबा, बड़ी घबराहट है।"

"सीने में दर्द?" नाही. "साँस फूल रही है?" नाही. "बस, घबराहट है।"

आणि मी विचारलं, "किस बात की?"

अम्मा माझ्याकडे बघतच राहिल्या. मुलगा म्हणाला, "टेंशन बहुत लेती हैं।" झालं! मला उत्तर मिळालं. माझ्या मराठी कानानं 'घबराहट' ऐकली आणि थेट 'घाबरणं' करून टाकली. बाई घाबरल्यात. चिठ्ठीवर इंग्रजीत एकच शब्द लिहिला, 'एन्झायटी', ॲसिडिटीची गोळी दिली आणि घरी पाठवलं. ईसीजीचं मशीन माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर होतं. पाच मिनिटांचं काम. मी केलं नाही.

दुपारी त्यांना स्ट्रेचरवर आणलं. हार्ट अटॅक. त्या वेळीही ड्यूटीवर मीच. जीव तोडून धावले, अम्मा वाचल्या. पण हृदयाचा बराच भाग गेला होता, तो परत येत नसतो. मुलानं माझे हात धरले, "आपने बचा लिया।" भांडखोर बाईची वाचा नेमकी तेव्हाच बसली. लाज वाटते मला त्या गप्प बसण्याची, आजही वाटते.

चूक झाली हे कळत होतं, पण ती नेमकी कुठं झाली, हे कळलं दोन-तीन महिन्यांनी आणि तेही घरात. सासूबाई आमच्याकडेच असतात. एका दुपारी ठेल्यावरून सब्जी घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "अगं, जीव घाबरा होतोय गं."

मी हातातलं ताट तसंच टाकलं. त्यांना आडवं केलं, नाडी धरली, लेकीला बीपीचं यंत्र आणायला पिटाळलं. ती हिंदीत ओरडतेय, "आजी, उठिए मत, लेटी रहिए!" निघालं काहीच नाही, उन्हात उपाशीपोटी हिंडल्या होत्या. साखरपाणी दिल्यावर तरतरी आली. पण त्यांचं मनगट माझ्या हातात होतं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाईंना मी विचारलंच नव्हतं, कशाला घाबरलात म्हणून.

त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, भ्यायलेलं माणूस पळतं. जीव घाबरा झालेलं माणूस बसतं. एवढं कळत नाही? डॉक्टर ना तू?"

कपाळ माझं! माझ्याच भाषेत होतं ते. लहानपणापासून ऐकलेलं. पण रुग्णालयाची पायरी चढले की माझी हिंदी पुस्तकातली व्हायची, आणि पुस्तकात घबराहट म्हणजे भीती. अम्मा अगदी बरोबर शब्द बोलल्या होत्या. चुकीचं ऐकलं ते मी.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी भरायच्या फॉर्मात मी एक रकाना वाढवला. 'मरीज़ के अपने शब्द'. देवनागरीत, जसेच्या तसे, भाषांतर बंद. केवढी कुरकुर झाली! नर्स म्हणाल्या, मॅडम, गर्दी बघा. ज्युनियर म्हणाले, हे काय भाषेचं खातं आहे का? म्हटलं, हो, आजपासून आहे. आणि तो रकाना भरू लागला. 'दिल बैठा जा रहा है'. 'तबीयत गिरी-गिरी सी है'. 'जी उलझ रहा है'. आणि पुन्हा पुन्हा, विशेषतः बायकांच्या तोंडून, 'घबराहट'. असं काही म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आधी ईसीजी, प्रश्न मागाहून, असा नियम केला. सगळ्यांचं पुढं काय झालं, याचा दोन वर्षं माग काढला, नियमाआधीच्या जुन्या चिठ्ठ्याही तपासल्या. आकडे माझ्या पेपरात आहेत, इथं त्यांचं काम नाही. इतकंच सांगते की ज्यांना आम्ही 'उगीच घाबरलेल्या' म्हणून बाकावर बसवत होतो, त्यांतल्या पुष्कळ जणींना तो बाक परवडणारा नव्हता.

पेपर लिहून झाला. सुरुवातीलाच अम्मांची हकीकत घातली, आणि त्यांना घरी पाठवणारी डॉक्टर म्हणजे मीच, हेही लिहिलं. आमच्या विभागप्रमुख सरांनी तो वाचला. माणूस वाईट नाही, पण निवृत्तीला टेकलेला.

"काम उम्दा है," ते म्हणाले. "बस, पहला केस हटा दीजिए।"

"क्यों सर?"

"मैडम, बंद मुट्ठी लाख की।"

आमच्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते, इथं पंचवीस हजारांनी स्वस्त. पण मला हसू आलं नाही. ते समजावत राहिले. उद्या वकील येईल, नाव तुमचंच खराब होईल, त्या घराला काही माहीत नाही, झोपलेल्याला कशाला उठवता? आणि शेवटी म्हणाले, ही केस राहिली तर सहलेखक म्हणून पेपरावर माझं नाव नको.

म्हटलं, सर, बाकीच्या सगळ्या बायकांच्या चुकलेल्या चिठ्ठ्या मी छापायच्या आणि माझी तेवढी खिशात ठेवायची? असलं संशोधन मला जमणार नाही. तुमचं नाव काढते. ते रागावले नाहीत, फक्त "जैसी आपकी मर्ज़ी" म्हणाले. लखनौत दार असं अलगद लावतात. नोकरीवर पाणी सोडावं लागलं तर घरी काय सांगायचं, ते जिना उतरतानाच ठरवून टाकलं.

पण छापायचं तर अम्मांची संमती हवी, आणि संमतीसाठी आधी खरं सांगायला हवं. दोन वर्षांहून जास्त काळ जे टाळलं होतं ते. रविवारी सकाळी निशातगंजला त्यांच्या घरी गेले. पहिल्या मजल्यावरचं घर. अम्मांना आता जिना उतरवत नाही, त्यामुळे त्या वरच असतात. मला बघताच मुलाला म्हणाल्या, "कुर्सी दो, इन्हीं ने तो बचाया था।" सून चहा टाकायला उठली.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. त्या दिवशी सकाळी तुम्ही बरोबर बोलला होतात. अटॅक तेव्हाच सुरू झाला असावा. मी तपासणी केली नाही, चुकीचा शब्द लिहिला आणि तुम्हाला घरी पाठवलं. ग़लती मेरी थी।

मुलगा सवयीनं म्हणाला, "वैसे अम्मा टेंशन भी बहुत..."

"चुप रहो," अम्मा म्हणाल्या. मग मला, "वो जो पर्ची पे लिखा था, वो ग़लत था?"

"बिल्कुल ग़लत।"

तेव्हा हळूहळू बाहेर आलं. मुलानं माझी चिठ्ठी घरात वाचून दाखवली होती. डॉक्टरनं लिहिलंय, अम्मा घाबरतात. आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की विचार करकरूनच त्यांनी अटॅक ओढवून घेतला. तेव्हापासून टीव्हीवरच्या बातम्या बंद. गावी भाऊ वारला तर तेरावं झाल्यावर कळवलं. भाचीचं लग्न ठरलं ते आठ दिवसांनी समजलं. 'अम्मा को मत बताओ, घबरा जाएँगी।' माझा एक शब्द, आणि ती बाई स्वतःच्या घरात पाहुणी होऊन बसली होती. आणि स्वतःलाच दोष देत होती! मी हृदयाचं नुकसान धरून गेले होते, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. मला रडू आलं. तिथं रडणं शोभलं नसतं, म्हणून गिळलं.

"तो मेरे सोचने से नहीं हुआ था?"

"नहीं, अम्मा।"

"ज़रा इनकी तरफ़ मुँह करके कहिए।"

मी मुलाकडे वळून सांगितलं. अम्मांनी सुनेला हाक मारली, "चाय बाद में। पहले इधर आके सुनो।" सून आली. मी पुन्हा सांगितलं, साताऱ्याच्या आवाजात, खालच्या दुकानापर्यंत पोचलं असेल.

मग त्यांनी संमतीचा कागद मागितला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि सही केली. कागद परत देताना म्हणाल्या, "माफ़ी का अभी कह नहीं सकती। सोचूँगी। अब तो सोच सकती हूँ न?"

मी मान हलवली. पेपर पुढं छापून आला, त्या पहिल्या केससकट आणि सरांच्या नावाशिवाय. पण माझं संशोधन कशासाठी होतं, हे मला त्या खोलीत कळलं, कारण मी कागद पिशवीत ठेवत असताना मुलगा एकदम बोलला.

"अम्मा, मेरा तबादला हो गया है। दो महीने से बताया नहीं।"

बदलीची बातमी फुटली तशी सुनेनं तोंडावर हात ठेवला. आम्ही तिघं अम्मांकडे बघत राहिलो.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "कहाँ?"