केसांसाठी घेतलेली पूड

“तुमच्या यकृताला मोठी इजा झाली आहे,” डॉ. फ्रेझर म्हणाल्या, “आणि ती कशामुळे झाली ते आम्हाला अजून कळलेलं नाही.”

ग्लासगोच्या हॉस्पिटलात मी कॉटवर बसले होते. डोळे पिवळेजर्द. शेजारच्या खुर्चीत माझे यजमान सुधीर. ह्याच शहरात जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून काम करून ते निवृत्त झाले. मी शाळेतल्या लायब्ररीत होते. आम्हा दोघांना कधी साधं सर्दी-पडसंसुद्धा धड होत नाही, असं मी इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना ऐटीत सांगायची. ऐट उतरायला वेळ लागत नाही.

सुरुवात अगदी साधी होती. भूक गेली. फोडणीचा वास आला की मळमळायचं. मग खाज सुटली, अशी की दाराच्या चौकटीला पाठ घासावी. लघवी गडद झाली, तेव्हा मुलगी मिहिका मला जबरदस्तीने घेऊन आली. तुम्हाला असं काही झालं तर ‘पित्त असेल’ म्हणून आल्याचा रस पीत घरी बसू नका.

रक्तात बिलिरुबिन खूप वाढलं होतं. बिलिरुबिन म्हणजे ते पिवळं द्रव्य, जे यकृताने बाहेर टाकायचं असतं. डॉ. फ्रेझरनी नेहमीचे प्रश्न विचारले. दारू? औषधं? हर्बल काही? सप्लिमेंट्स?

“नथिंग,” हे म्हणाले. “ती पॅरासिटॅमॉलसुद्धा मला विचारून घेते.”

प्रश्न मला होता, उत्तर ह्यांनी दिलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. डॉक्टरांच्या बायकांना ह्याची सवय असते. पेशंट आपण, पण बोलणं दोन डॉक्टरांचं. त्या दोघांचे सफाईदार डॉक्टरी शब्द माझ्या डोक्यावरून जात राहिले आणि मी पांघरुणाची घडी करत राहिले.

काविळीचे विषाणू सापडले नाहीत. बायॉप्सी झाली, म्हणजे सुईने यकृताचा इवलासा तुकडा काढून तपासला. त्यातूनही ठाम काही निघेना. मग आपोआपच आकडे उतरायला लागले आणि मला घरी सोडलं. मिहिकाने शिरा केला. मी देवापुढे साखर ठेवली.

घरी आल्यावर अशक्तपणा होताच. म्हणून अंगात ताकद यावी, ह्या हिशोबाने रोजच्या दुधात मी एक चमचा जास्तच घालायला लागले. कसला, ते सांगते.

त्याआधीच्या दिवाळीला मंडळात नव्याने आलेल्या एका मुलीने ह्यांना विचारलं होतं, “काका, ह्या तुमच्या मोठ्या बहीण का?” हे सात मजली हसले. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. कलप मला सोसत नाही, टाळूवर पुरळ उठतं. तेव्हा एका मैत्रिणीने हो शौ वू सुचवलं. ही चिनी औषधपद्धतीतली मुळी. कुणा म्हाताऱ्याचे पांढरे केस तिने काळे झाले, अशी तिची जुनी गोष्ट आहे. मी ऑनलाइन पूड मागवली आणि आपल्या शतावरीसारखी दूध-तुपातून, सकाळी अनशापोटी घेऊ लागले. झाडपाल्याचं ते, गुण आला तर आला, अपाय तर होत नाही! लहानपणापासून हेच ऐकलेलं. डबा सुंठ आणि गुळवेलीच्या शेजारी ठेवला. माझ्या लेखी ते औषध नव्हतंच.

पंधरवडा उलटला नाही तोच मी पुन्हा वॉर्डात, पहिल्यापेक्षा पिवळी. ह्या वेळी आयएनआरही वाढला होता. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. तो चढत गेला तर यकृत हार मानतंय असं समजायचं. डॉ. फ्रेझर म्हणाल्या, “आणखी चढला तर तुम्हाला एडिनबराला हलवावं लागेल. ट्रान्सप्लांटसाठी.” ट्रान्सप्लांट म्हणजे दुसऱ्या कुणाचं यकृत. मला मरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉ. फ्रेझरनी ह्यांना अगदी गोड आवाजात कॉफी प्यायला पाठवलं, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “घाई नाही. सकाळी उठल्यापासून तुमच्या तोंडात काय काय जातं, ते सगळं मला सांगा.”

मी सांगत गेले. कोमट पाणी, चहा, भिजवलेले बदाम, मग दूध-तूप आणि पूड.

“कसली पूड?”

“केसांची. औषध नाही ते.”

त्यांनी मान हलवली, रागावल्या नाहीत. “तुम्ही इथे असताना ती बंद होती. घरी जाऊन पुन्हा सुरू केलीत?”

मिहिका घरून डबा घेऊन आली. “आई, तू हा पावडर दुधात टाकते? इट्स ऑल इन चायनीज!” ही मुळी परंपरेने काळ्या सोयाबीनच्या काढ्यात शिजवून घेतात. माझी कच्ची की शिजवलेली, देव जाणे. शिजवलेलीही काही जणांच्या यकृताला सोसत नाही आणि कुणाला सोसणार नाही हे आधी कळत नाही, असं डॉ. फ्रेझर म्हणाल्या. इतर सगळी कारणं बाद झाली होती, आता निदान जवळजवळ पक्कं झालं. ह्याला ड्रग-इंड्यूस्ड लिव्हर इंज्युरी म्हणतात. औषधाने झालेली इजा. वनस्पतीही त्यात मोडतात.

हे परत आले आणि भडकले. “अगं, मला सांगायचंस ना!”

“तुम्ही विचारलंत कधी?” मी म्हणाले. आवाज चढवण्याइतकीही शक्ती नव्हती, तरी चढला.

ह्यावर उतारा नाही. पूड बंद करायची, रोज रक्त द्यायचं आणि वाट पाहायची. हे दिवसभर जवळ बसून असायचे, गप्प. एरवी लोकांना धीर देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण पुढे काय काय होऊ शकतं हे इतकं नेमकं माहीत असलेल्या माणसाला धीर कोण देणार? मला त्यांची फार दया आली. माझा हात त्यांच्या हातात असायचा आणि कोण कुणाला धरून आहे ते कळत नसे.

आयएनआर आणखी चढला. मग अडला. एडिनबराहून रोज फोन येई. आणि एका सकाळी डॉ. फ्रेझर जवळजवळ धावतच आल्या. आकडा उतरला होता. “तुमचं यकृत सावरतंय,” त्या मला म्हणाल्या. ट्रान्सप्लांटचं नाव त्यानंतर निघालं नाही. त्या बाईंचे उपकार मी ह्या जन्मी विसरायची नाही. तुम्हाला एवढंच सांगते, चिनी असो की आपलं, दुधातून घ्या नाहीतर मधातून, डॉक्टरांना सांगा. आणि स्वतःच्या तोंडाने सांगा.

त्या गेल्यावर हे खिडकीशी जाऊन उभे राहिले, खांदे हलताना दिसले. मग डोळे पुसून कॉटपाशी आले.

“तुला काय खावंसं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत ह्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी उत्तर द्यायला खूप वेळ लावला. हे मध्ये एक शब्द बोलले नाहीत.