संपादकांना लिहिलेलं कार्ड

खोटं बोलण्याआधी मी कधी विचार करत नाही. तो नंतर करावा लागतो, आणि भरपूर करावा लागतो. या खोट्यापायी मला दोन महिने झोप आणि भूक दोन्ही पारखी झाली.

झालं असं. भोरच्या वाचनालयात माझे सासरे पुण्याच्या एका मासिकाचा गेल्या वर्षीचा दिवाळी अंक चाळत बसले होते. सासरे संस्थानच्या कचेरीत शिरस्तेदार आणि मी त्यांच्याच हाताखाली कारकून, म्हणजे घरी-दारी मला सुटका नव्हती. अंक मिटून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुण्याचे लिहितात, नागपूरचे लिहितात. भोरातल्या लोकांचे काय हात मोडलेत?"

"यंदा आहे ना, मामा," मी म्हणालो. "माझा लेख येतोय."

कुठून आलं हे तोंडात, देव जाणे. सासऱ्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण "ही ओळ वाकडी गेलीय" यापलीकडे ते माझ्याशी फारसं बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत न्हावी, मिठाईवाला आणि देवळातले गुरव सगळे मला हसून नमस्कार करायला लागले. सासऱ्यांनी स्वतः घरोघर सांगितलं होतं, "आमच्या जावयांचा लेख येतोय." तोपर्यंत मी त्यांच्या बोलण्यात नुसता "तो" होतो.

आणि त्या मासिकाच्या संपादकांना मी या जगात आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग लिहा त्यांना. विचारा, घेता का म्हणून."

लिहिलं की! पण कसं? मला एकाच प्रकारचं लिहिणं येत होतं, कचेरीतलं. मी ताव पुढे ओढला आणि "सेवेशी अर्जदार नम्रतापूर्वक विनंती करतो की" इथून सुरुवात केली. पहिल्या कलमात आजोबांनी संस्थानची केलेली चाकरी. दुसऱ्यात वडिलांची. तिसऱ्यात माझं शिक्षण. असं करत करत नवव्या कलमात लेखाचा विषय आला, "डोंगरी मुलुखातील लोकस्थिती, रीतिरिवाज व इतर किरकोळ बाबी". पुढे आणखी दोन कलमं नम्रतेची. सोबत हेडमास्तरांकडून घेतलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडला. आणि बिनस्टँपाचा अर्ज कुठलाच साहेब हातात धरत नाही, हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून वरच्या कोपऱ्यात संस्थानचं कोर्ट फीचं तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही ठोकली.

त्यानंतरचे बारा दिवस मी बसलेला कुणी पाहिला नसेल. कचेरीत टाक बुडवायचो आणि उठून खिडकीशी जायचो. जेवताना पाय हलायचा. टपालाची मोटार यायच्या वेळेला मला नदीवर, बाजारात, कुठंतरी काम निघायचंच, आणि ते काम नेमकं पोस्टाच्या वाटेवर असायचं.

तेराव्या दिवशी उत्तर आलं. कार्ड! कार्डाचा तोटा असा की ते आधी पोस्टमन वाचतो. आमचा पोस्टमन तर वाचून दाखवायचासुद्धा. भर चौकात तो मला म्हणाला, "रावसाहेब, संपादक विचारतायत, तुम्हाला नेमकं काय हवं आहे, ते कळलं नाही. आणि तिकीट परत पाठवलंय म्हणतात, पण ते वेगळ्या पाकिटातनं यायचंय."

संध्याकाळपर्यंत सगळं भोर मला तेच विचारत होतं. न्हावी वस्तरा गळ्याशी धरून म्हणाला, "मग काय हवंय नेमकं?" मिठाईवाला म्हणाला, "तुम्हाला काय हवंय? पेढे की बर्फी?" आणि ह्या ह्या करून हसला.

सासऱ्यांच्या कानावर गेलं नसेल? गेलंच. दुसऱ्या दिवशी वाचनालयात कुणीतरी त्यांना खोचक विचारलं, तेव्हा मी दाराआड उभा होतो. ते शांतपणे म्हणाले, "संपादकांना असं विचारावंच लागतं. ती पद्धत आहे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण कचेरीत गेल्यावर मला एक कागद दिला. वेल्ह्याकडे दोन वाड्यांत कुरणाच्या हद्दीवरून तंटा होता, तिथं जाऊन जबान्या उतरवून आणायच्या होत्या. "आठ दिवस लागले तरी चालतील," म्हणाले. मला गावाबाहेर काढायची ती रीत होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

भाद्रपद होता. तोरण्याच्या अंगाला धनगरांच्या वस्तीवर पोहोचलो तेव्हा धुकं वर चढत होतं. माझ्याबरोबरचा पट्टेवाला घळीच्या पलीकडच्या वाड्यावर मुक्कामाला होता. मला दौत-टाक हवे होते, ते त्याच्या पिशवीत राहिले होते. मी कड्याच्या टोकाशी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "अहो पट्टेवाले, मी इकडून कारकून बोलतोय, आपणास कळवण्यात येतं की काल निघताना आपल्याकडे जी पिशवी..."

मागे कुणीतरी खो खो हसलं. शेळीचं दूध काढणारी एक धनगरीण होती, माझ्या आईच्या वयाची.

"आवो कारकून, तुमचं निम्मं बोलणं त्या कड्यानंच खाल्लं. पल्याड मान्सं म्हनत असतील, कुनाला इंगळी डसली?"

"मग कसं सांगायचं?"

"आदी ज्येला बोलवायचं त्येचं नाव. म्हंजी त्यो कान देतो. मग काय पायजे त्ये. आन् मग त्वांड मिटायचं."

"एवढंच?"

"एवढंच कुठं सोपं हाय? तुमास्नी त्वांड मिटता येत न्हाई. उगडंच ठिवलं तर त्येचं उत्तर कसं ऐकू यावं?"

ती उठली, तळवे तोंडाशी धरले आणि लांब सुरात पट्टेवाल्याचं नाव घेतलं. थांबली. मग "पिश्शीऽऽ". पुन्हा थांबली. पलीकडून बारीक "व्हऽऽय" आलं. अर्ध्या तासात पिशवी माझ्या हातात होती.

जबान्या दोन दिवसांत झाल्या. उरलेले दिवस मी त्या बाईच्या मागे मागे फिरलो. चुलीपाशी, गोठ्यात, पाण्यावर. ती वैतागली. "कारकून, तुमाला बुडाला मुंग्या हायती का? बसा की." पण सांगत गेली. वारं असलं तर काय गाळायचं, पावसात कुठल्या कड्यावरून बोलायचं. मी विचारलं, कुणी मेलं तर?

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मेला असं वरडू न्हाई. नाव घ्यायचं आन् 'घरला ये' म्हनायचं. ज्येला कळायचं त्येला कळतं."

तिथंच दगडावर बसून मी कार्ड लिहिलं. "संपादक महाशयांस, स. न. वि. वि. वेल्ह्याच्या डोंगरात धनगर एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर हाळी देऊन निरोप पाठवतात. कोणता निरोप किती शब्दांत जातो, वाऱ्याच्या दिवशी काय गाळतात आणि मरणाची बातमी कशी देतात, हे मी पाहून आलो आहे. दिवाळी अंकासाठी चार पानी लेख देऊ का?" खाली सही. आजोबांना घरीच ठेवलं. हात शिवशिवत होते की निदान "आपला आज्ञाधारक" तरी लिहावं. हात पाठीमागे बांधले.

पाचव्या दिवशी भोरात उत्तर आलं. पोस्टमन धावत आला. "चार पानं राखून ठेवली म्हणतात! लेख सोमवारच्या आत पोहोचावा!"

मी घरात नाचत शिरलो. बायकोनं कार्ड वाचलं, मागून पुढून पाहिलं आणि विचारलं, "लेख कुठं आहे?"

मंडळी, मी महिनाभर पत्रच लिहीत होतो. लेखाची एक ओळ लिहिलेली नव्हती.

बुधवार होता. सासऱ्यांकडे जाऊन रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं आणि मी एका दमात सगळं ओकलो: येतोय म्हणालो तेव्हा काहीच येत नव्हतं, आणि आता येणार आहे तर लिहिलेलं नाही. ते बराच वेळ दौतीचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "रविवारपर्यंत. घराबाहेर पडायचं नाही."

त्या चार दिवसांत मी घरात किती मैल चाललो असेन! एक वाक्य लिहायचं, ओटीपर्यंत जायचं, परत यायचं, ते खोडायचं. रविवारी सकाळी शेवटचं पान वाळलं नव्हतं, तेव्हा पाकीट घेऊन मी मोटारस्टँडवर धावलो. टपाल निघून गेलं होतं. पुण्याची प्रवासी मोटार उभी होती, तिच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट देणार, तेवढ्यात मागून सासऱ्यांचा हात आला. पाकीट काढून घेऊन ते तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागले.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतलेली वरव्याची एक बाई ओरडली, "आवो तात्या, वाचून झालं का न्हाई? माझ्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या!" सासऱ्यांनी पान उलटलं. मरणाच्या निरोपापाशी ते थांबले, ओठ हलवत पुन्हा वाचलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो.

शेवटी त्यांनी कागद नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातले, पगडी सारखी केली आणि मोटारीत चढले.

"मामा, कुठं?"

"पुण्याला. ड्रायव्हरच्या हाती द्यायची वस्तू नाही ही."

"पण तुम्ही कशाला? मी जातो की!"

"तुम्ही खोटं एकदा बोललात," खिडकीतून ते म्हणाले, "मी सगळ्या गावात बोललोय. ते खरं करायला मलाच गेलं पाहिजे. सरका बाजूला."

कोंबड्यांची पाटी त्यांच्या मांडीवर आली आणि मोटार सुटली.