नानांना कोंडा खाऊ घालायला पिंपळनेर

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी यावलच्या शाळेत शिकवत होते. घरात मी आणि माझे वडील, नाना, दोघंच. नानांचं पोट चार-चार दिवस साफ होत नसे. एकदा कुंथता कुंथता संडासातच चक्कर येऊन पडले, तेव्हा मी हादरले. डॉक्टरांनी औषधासोबत भाताचा कोंडा सुचवला. नाना भडकले, "मले काय म्हैस समजला का तो डाक्तर?"

केळीच्या मुलखात ताजा कोंडा मिळणार कुठे? शाळेतल्या एका बाईंचं माहेर पिंपळनेरचं, घरची भातगिरणी. पण नाना हलायला हवेत ना! मी खाली मान घालून म्हटलं, "पिंपळनेरला एक स्थळ आहे म्हणे." दुसऱ्या दिवशी पहाटे नाना इस्त्रीच्या धोतरात तयार!

यावल, जळगाव, धुळे, मग गाडी बदलून साक्रीमार्गे पिंपळनेर. एसटीनं दिवस मोडतो. धुळ्याच्या स्टँडवर मिरचीची भजी खाल्ली, नानांना दिली नाहीत. जायचं तर दिवाळीनंतर जा, नवा भात तेव्हाच गिरणीवर येतो.

गिरणीवाल्या अक्का म्हणजे त्या बाईंच्या आई. त्यांनी पाण्याबरोबर गुळाचे लाडू ठेवले. अक्कांना होणारी विहीण समजून नानांनी तीन खाल्ले, वर तोंडभर कौतुक. मग घसा खाकरून, "मुलगा कुठे दिसत नाही?"

"पोऱ्या?" अक्का चकित. "माले ते तीन्ही पोरीच शेतस!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"लाडूमा कोंडा शे, नाना," अक्का हसल्या. "अजून एक लेतस का?"

नाना उठून बाहेर गेले. अक्कांनी मला दाखवलं: वरचं टरफल म्हणजे तूस, ते चुलीत, आतल्या तांदळावरून निघतो तो तपकिरी भुगा, कोंडा. "आजना आज भाजी ल्या, नही ते कडू व्हई जाई." त्यांनीच चाळून, मंद आचेवर भाजून डबा भरून दिला. सुरुवात एका चमच्यानं, आणि पाणी भरपूर.

परतताना धुळं आलं. नाना खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "कोंड्याचं ठीक आहे. स्थळाचं खोटं नको बोलू. बापाच्या जिवाले लागतं."

"चुकलं, नाना." माझे डोळे भरून आले.

घरी मी भाकरीच्या पिठात रोज एक चमचा मिसळू लागले. आठवड्याभरात नाना सकाळी संडासातून गुणगुणत बाहेर यायला लागले.

महिन्यानं शाळेतून आले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नाना पहाटेच्या गाडीनं पिंपळनेरला गेले. रिकामा डबा होता हातात. तुला सांगू नको म्हणाले."