दरबारातलं हरीण

सुवार्ता सिस्टर कुणाशी हात मिळवत नसत. समोरच्यानं हात पुढे केला की त्या तो धरून किंचित वळवत आणि त्यांची बोटं सरळ मनगटावर जात. बोलणं चालू असे, नजर चेहऱ्यावर असे, आणि तेवढ्यात नाडी पाहून झालेली असे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी साइटवरच्या क्लिनिकमध्ये तपासणीसाठी गेले आणि 'गुड मॉर्निंग' म्हणून हात पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही.

"घाबरलीयस," त्या म्हणाल्या. "नाव रेवा, बाबा पुण्याचे. आणि आता मला मराठी येत नाही असं दाखवणार. बस की."

मी खरोखरच तसं दाखवत असे. माझं बालपण दोह्यातल्या बिन महमूद भागात गेलं. घरी आई-बाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. इंग्लिशमध्ये कुणाला 'तू' म्हणायचं आणि कुणाला 'तुम्ही' हे ठरवावं लागत नाही, त्यामुळे माणूस जवळचा की लांबचा हे उघड होत नाही. मला ते सोयीचं होतं. डिग्री झाल्यावर बाबांचे मित्र कर्णिक अंकल यांनी मला त्यांच्या साइटच्या ऑफिसात लावून घेतलं. ते प्रोजेक्ट मॅनेजर होते. घरी अंकल, साइटवर सर. फुटबॉल वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमला लागून आमची इमारत उभी राहत होती. तेव्हा सगळं दोहा उलटी गणती करत होतं. कालचा रस्ता आज खणलेला असे आणि आम्हांला साइटवर नेणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर रोज सकाळी नवीन वाट शोधत असे. माझं काम मीटिंगमध्ये बसून टिपणं घेण्याचं. ज्याला बोलायचं नाही त्याच्यासाठी याहून चांगली जागा नाही.

सिस्टर मूळच्या मिरजेच्या, नर्सिंगही तिथंच शिकलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा गावी संसाराला लागला होता. अल नस्र भागात दोन मल्याळी नर्सबरोबर एक खोली घेऊन त्या राहत. व्हॅन आधी त्यांना घ्यायची, मग मला. शेजारच्या सीटवर पर्स ठेवून त्या माझी जागा धरून ठेवत, आणि त्या सीटचा नियम होता: मराठीतच बोलायचं. "दिवसभर हिंदी-इंग्लिशमध्ये ताप बघते मी. येता-जाता तरी तोंडाला चव येऊ दे," असं त्यांचं म्हणणं. मी मोडक्यातोडक्या मराठीत काही सांगितलं की त्या हसत नसत. वाक्य नीट करून परत माझ्या हातात देत, आणि मी ते पुन्हा म्हणेपर्यंत पुढचं बोलत नसत.

सगळ्यांना त्या आवडत असत असं मात्र नाही. तोंड फटकळ, आवाज मोठा. चेहऱ्यावर पावडर, पायात पांढऱ्या चपला, आणि त्या चपलांवर धूळ बसली तर ड्रायव्हरलाही बोलणी. कामगारांवर त्यांचा विश्वास अजिबात नव्हता. पाणी प्यायलास का विचारलं तर प्रत्येक जण हो म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. "झूठ मत बोल, जीभ दिखा," हे त्यांचं दिवसभराचं वाक्य. मोठ्या मिशांचे, क्रेनला तुळया बांधणारे दणकट पुरुष क्लिनिकबाहेर जिभा काढून रांगेत उभे राहत. माणसं लाडावून ठेवता असं एक फोरमन एकदा म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "आधी तुझी दाखव." त्याची कोरडी निघाली. त्यालाही मीठ-साखरेचं पाणी उभ्यानं प्यावं लागलं.

त्यांची एकच मैत्रीण होती, लिऊ. लोखंडी काम एका चिनी तुकडीकडे होतं आणि लिऊ त्यांच्या साहेबाची दुभाषी होती. तिचं पोट सतत दुखे. ती क्लिनिकमध्ये येऊन नुसतं गरम पाणी पीत बसे. एका दुपारी मीही तिथं होते. त्या दिवशी तिच्या साहेबानं, तुळयांवर गंज दिसत असताना, गंज नाही असं तिच्या तोंडून सगळ्यांना सांगितलं होतं. लिऊ म्हणाली, आमच्याकडे यासाठी चार अक्षरांची एक म्हण आहे. आणि तिनं आम्हांला त्या म्हणीची गोष्ट सांगितली.

दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एक तरुण राजा गादीवर आला होता. त्याच्या प्रधानाला सगळी सत्ता आपल्या हातात हवी होती, पण दरबारातलं कोण आपल्या बाजूनं आहे हे त्याला कळत नव्हतं. म्हणून त्यानं एक हरीण दरबारात आणलं आणि म्हणाला, महाराज, तुमच्यासाठी घोडा आणलाय. राजा हसला. म्हणाला, प्रधानजी, चुकताय, हे हरीण आहे. प्रधान म्हणाला, मग या मंडळींनाच विचारा. काही जण घोडा म्हणाले. काही गप्प बसले. काही जण हरीण म्हणाले, आणि त्यांची नावं प्रधानानं लक्षात ठेवली. पुढे त्यांतला एकेक जण या ना त्या कारणानं संपवला गेला.

शाळेत हे शिकवताना काय सांगतात, असं मी विचारलं. लिऊ म्हणाली, सत्ता हातात असली की खोट्याला खरं म्हणायला लावता येतं, हे सांगतात. आणि पालक घरी सांगतात की प्रधान कोण आहे ते आधी ओळखून ठेव.

सिस्टर इतका वेळ पट्ट्या गुंडाळत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि हरणाचं काय झालं?"

लिऊला प्रश्नच कळला नाही. हरणाबद्दल काही लिहिलेलं नाही, ती म्हणाली.

"तेच तर," सिस्टर मला मराठीत म्हणाल्या. "एवढा मोठा दरबार, घोडा का हरीण म्हणून भांडला. पण घोडा ठरल्यावर त्याच्यावर खोगीर चढवलं असेल की नाही? वर कुणीतरी बसलं असेल. त्याची पाठ गं?"

मी हे इंग्लिशमध्ये लिऊला सांगितलं. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

जूनमध्ये काम मागे पडलं. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचं, हा इथला नियम आहे. बंदिस्त किंवा हवेशीर सावलीच्या जागी चालतं. आमचं वेल्डिंगचं आवार मोकळंच होतं, पण कर्णिक सरांनी त्यावर हिरवी जाळी ताणून घेतली, कडेला मोठे पंखे उभे केले, आणि एका सकाळी स्वतः तिथं खुर्ची टाकून चहा प्यायले. छान वाटतंय, ते सगळ्यांना म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. वरून दिवसभर फोन येत आणि फोन ठेवला की ते खिशातली ॲसिडिटीची गोळी चघळत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हाच माणूस पेटी वाजवतो यावर साइटवर कुणाचा विश्वास बसला नसता.

त्यांची मीटिंग संपवायची एक पद्धत होती. प्रस्ताव मांडला की ते पेनाचं टोक टेबलाभोवती फिरवत, आणि ज्याच्यासमोर पेन येई त्यानं 'नो ऑब्जेक्शन' म्हणायचं. आडवं कुणी कधी बोललेलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले, जाळीखालचं आवार आता इनडोअर धरायचं, दुपारची शिफ्ट उद्यापासून. पेन फिरायला लागलं. इलेक्ट्रिकलवाला नो ऑब्जेक्शन म्हणाला. काँक्रीटवाला म्हणाला. सेफ्टीवाल्यानं घसा साफ केला आणि तोही म्हणाला. लिऊचा साहेब चिनीत दोन शब्द बोलला. लिऊ क्षणभर टेबलाकडे पाहत राहिली, आणि मग तिनं त्यांचं भाषांतर केलं.

क्लिनिकचा नंबर शेवटचा. सिस्टर म्हणाल्या, "सर, ते बाहेर आहे."

"वर छत आहे, सिस्टर."

"जाळी आहे. ऊन जाळीतून खाली येतं आणि लोखंडावरून परत वर येतं. पंखे गरम हवाच फिरवणार."

पेन तसंच थांबलं होतं. मग मीटिंगमध्ये कधी न झालेली गोष्ट झाली. कर्णिक सर मराठीत बोलले, अगदी हळू. त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. "सिस्टर, तुमच्या नोकरीच्या रिन्यूअलचा कागद माझ्या टेबलावर आहे. मला अडचणीत आणू नका."

सिस्टरना ती नोकरी हवी होती. पाया खणत होते तेव्हापासून त्या या साइटवर होत्या, आणि फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी स्टेडियममध्ये एक मॅच बघूनच मिरजेला जाणार, असं त्या येईल त्याला सांगत. हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

त्यांनी उत्तर इंग्लिशमध्ये दिलं, टेबलावरच्या सगळ्यांना कळेल असं. माझं रिन्यूअल तुमच्या टेबलावर आहे सर, पण माणसं आवारात आहेत. आणि आवार बाहेर आहे.

पेन त्यांना वगळून सरांकडे परत गेलं. शिफ्ट सुरू झाली.

व्हॅनमध्ये मी त्यांना एक युक्ती सुचवली. कुणाला विश्रांती द्यायची हे फक्त क्लिनिक ठरवतं. मग दुपारच्या सगळ्याच माणसांना आजारी दाखवा, काम आपोआप बंद पडेल. तोवर मराठीत मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

"मग मीपण घोडाच म्हणाले की गं," त्या म्हणाल्या. "उद्या खरा आजारी आणला तर कोण धावेल? मी म्हणते तो ताप खरा असतो, एवढंच आहे माझ्याजवळ."

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी क्लिनिकमध्ये थांबेनात. जाळीखाली खुर्ची टाकून बसत. फिरून जिभा बघत, मनगटं धरत, ज्याला खरोखर गरज असेल त्यालाच उठवून आत पाठवत. त्यांचा स्वतःचा चेहरा लाल होई, पावडर ओघळून गळ्यावर येई. फोरमन त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. जेवणाच्या खोलीत त्यांच्या टेबलावर लिऊ आणि मी सोडून कुणी बसेना. रोज वाटे, आजचा दिवस तरी पार पडो. तो पडे, आणि दुसऱ्या दिवशीची दुपार येई.

बिरबहादुर नावाचा नेपाळी वेल्डर होता. त्या दुपारी तो ठीक दिसत होता, असं नंतर सगळेच म्हणाले. सिस्टर आवाराच्या दुसऱ्या टोकाला असताना त्यानं हातातलं मशीन खाली ठेवलं, कुणाशीतरी नेपाळीत बोलायला लागला, आणि समोर कुणी नव्हतं. मग तो कोसळला. मी ऑफिसच्या दारातून पाहिलं. सिस्टरना धावताना मी तेव्हाच पाहिलं.

"घाम नाही याला," त्या म्हणाल्या. "बर्फ. रेवा, बर्फ आण, सगळा."

माणसांनी त्याला उचलून क्लिनिकमध्ये आणलं. सिस्टरनी कात्रीनं त्याचे कपडे कापले. काखेत, जांघेत, मानेला बर्फ लावला, ओल्या चादरी टाकल्या आणि मला पंखा धरायला लावलं. तो हात झटकत होता, आईला हाका मारत होता. मग हाका थांबल्या. ते जास्त भयंकर होतं. सिस्टर त्याच्या गालावर थापट्या मारत सारखं नाव घेत होत्या, मिरजेच्या बोलीत त्याला शिव्याही घालत होत्या. दारात गर्दी झाली. सगळ्यांत पुढे कर्णिक सर होते.

ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसानं भराभर प्रश्न विचारले: वय काय, केव्हा पडला, पाणी किती प्यायला. सिस्टर सलाइनच्या सुईवरून नजर न उचलता उत्तरं देत होत्या. मग त्यानं विचारलं, काम कुठे करत होता, इनडोअर की आउटडोअर?

सिस्टर पहिल्यांदा थांबल्या. "सरांना विचारा," त्या म्हणाल्या. "जागा त्यांची आहे."

दारातली सगळी माणसं तीच होती, टेबलाभोवतीची. सेफ्टीवाला, काँक्रीटवाला, लिऊ आणि तिचा साहेब. ॲम्ब्युलन्सच्या माणसानं सरांकडे बघून प्रश्न पुन्हा विचारला. सर बिरबहादुरच्या पायांकडे बघत होते. बूट काढलेले पाय, टाचांना भेगा. सरांच्या हातातला फोन वाजायला लागला. तो वाजून बंद झाला आणि परत वाजायला लागला.

"आउटडोअर," सर म्हणाले.

सिस्टरनी मान डोलावली, स्ट्रेचरचा एक दांडा धरला आणि "यल्ला, चला" म्हणून ॲम्ब्युलन्सबरोबर निघून गेल्या.

बिरबहादुर वाचला. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये राहिला आणि मग आपल्या देशी गेला. दुपारची शिफ्ट दुसऱ्याच दिवशी बंद झाली. त्यासाठी मीटिंग झाली नाही, पेन फिरलं नाही. सिस्टरचं रिन्यूअल मात्र झालं नाही. सरांनी ते मंजूर करून वर पाठवलं होतं, वरून नामंजूर होऊन आलं. लिऊला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, मी तुम्हांला ती गोष्ट सांगायलाच नको होती. सिस्टर म्हणाल्या, "अगं, हरीण म्हणणाऱ्यांचं काय होतं ते तू आधीच सांगितलं होतंस. मी काही फसले नाही." मग त्यांनी तिला आपली गरम पाण्याची किटली देऊन टाकली.

एअरपोर्टला त्यांना कर्णिक सरांनी स्वतःच्या गाडीतून सोडलं. मी मागे बसले होते. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून जाताना नव्या इमारतींवर झेंडे लागत होते. सिस्टरनी पांढऱ्या चपला काढून पर्सशेजारी पायापाशी ठेवल्या होत्या आणि प्रवासाचे बूट घातले होते.

गाडी थांबल्यावर सर म्हणाले, "सिस्टर, मी तुमच्यासाठी काही करू शकलो नाही."

"माझ्यासाठी कशाला करताय?" त्या म्हणाल्या. "मी घरी चालले. ती माणसं अजून इथंच आहेत."

त्या उतरल्या. काचेच्या दारातून आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हमालाला बॅग नीट धर म्हणून सांगत त्या निघून गेल्या. सर बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

त्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली होती. मला बिन महमूदला सोडून ते घरी जाणार होते. उन्हं डोक्यावर यायला लागली होती, दुपारचं काम थांबवायची वेळ होत आली होती. सिग्नलपाशी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाडी साइटच्या रस्त्याला घातली.