घरातली लेक घरात

माझ्या बारशाला आत्याने पाळण्यात वाकून माझ्या कानात नाव सांगितलं आणि लगेच सगळ्या बायकांना ऐकवलं, "ही माझी सून बरं का." पुढे धाकट्या बहिणीच्या बारशालाही तिने तसंच केलं. तिला दोन मुलगे होते. भावाच्या लेकीवर बहिणीचा पहिला हक्क, ही आमच्याकडची रीतच. मी चौथी पास झाले आणि दोनेक वर्षांनी कराडजवळच्या तिच्या घरी नांदायला गेले. बायका म्हणायच्या, "हिला कसला सासुरवास? आत्याच हाय घरात." ते खरंही होतं. धाकटीच्या लग्नाची गोष्ट निघेपर्यंत आत्या मला कधी घालूनपाडून बोलली नाही.

मालक लढाईवर गेले तेव्हा मुलगी तान्ही होती. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत दुधाचा थेंब पडल्यासारखं दिसायचं. आत्या म्हणाली, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या, खंडोबाला भंडारा वाहिला. मुलगी बसायला उशिरा लागली, उभी राहायला त्याहून उशिरा. भिंत धरून चालायची, तेही जमीन हलत असल्यासारखं. तिच्या वयाची पोरं गाणी म्हणायला लागली तरी तिला 'आई' आणि 'नको' एवढंच येत होतं. मी मळ्यात जाताना तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून सोप्यातल्या खांबाला अडकवायची. दुसरा उपाय नव्हता. चूल जवळ, आड जवळ.

शेवटी आत्या आणि मी तिला आगगाडीने मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, हा मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रिया करू, थोडं दिसेल. चालणं आणि बुद्धी मात्र माझ्या हातात नाही. मग त्यांनी विचारलं, "हिचे वडील तुमच्या नात्यातले का?"

आत्याच बोलली, "तर वो! ही सून माझ्या सख्ख्या भावाची लेक हाय. परक्याची असती तर एवढं कुनी केलं असतं?"

डॉक्टर म्हणाले, "रक्तातल्या नात्यात असे आजार कधी कधी उतरतात. घरात पुढची लग्नं करताना जपा."

परतीच्या गाडीत आत्या एवढंच म्हणाली, "डोळं बघाय गेलो, तर हे सोयरीक बघाय लागलं."

मुलीला थोडं दिसू लागलं. पण डॉक्टरांचं बोलणं माझ्या मनातून जाईना. धाकटी आता लग्नाला आली होती आणि दीरही. बोलावं तर कुणाशी? आत्या म्हणजे सासू. माहेरी जाऊन सांगावं, तर माहेरचा दरवाजा आत्याच्याच हातात. ती धाडेल तेव्हा जायचं.

सुगी झाल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, लग्नाचं ठरवायला आले. मी त्यांना वाढत होते. आत्या पाटापाशी बसून म्हणाली, "दादा, औंदा उरकून टाकू. घरातली लेक घरात. देन्याघेन्याची बी कटकट न्हाई."

माझ्या हातात आमटीची पळी होती. आबांसमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पळी भांड्यात सोडली आणि म्हणाले, "आबा, धाकटीला हितं देऊ नगा."

आत्याने वळून बघितलं. "का गं? तुला उपाशी ठिवलं का मारलं?"

"तसं न्हाई, आत्या. डाक्तर म्हनलं व्हतं..."

"मी बी व्हते तितं. त्याचं ऐकायचं तर पोरी काय इलायतंला द्यायच्या?"

आबा हसले नाहीत. सोप्यात माझी मुलगी खांबाला धरून उभी होती, तिच्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. अर्ध्या भाकरीवर ताटात हात धुतला, पटका उचलला आणि गेले.

धाकटीला त्यांनी आटपाडीकडे, दुष्काळी मुलखातल्या परक्या घरी दिलं. आत्याने त्यानंतर भावाची भाऊबीज घेतली नाही. मला म्हणाली, "त्यानं माझा उंबरा सोडला, आता तू बी त्याचा सोड." मालक लढाईवरून परत आले, त्यांनीही आईचा शब्द मोडला नाही. एका लग्नात धाकटी भेटली. उन्हाने काळी पडली होती. म्हणाली, "ताई, तुझ्या दारात बारा म्हैने पाट वाहतोय. मी कोसभरावरनं घागर आणतीया. माझी पोरं तुझ्या पोरीगत झाली असती, हे तुला कुनी सांगितलं?"

दिराला परक्या घरातली मुलगी केली. त्याची दोन्ही मुलं चांगली निघाली. स्वच्छ डोळ्यांची, अंगणभर पळणारी. धाकटीचीही तशीच. आता आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "बघा, माझ्या घरान्यात खोट न्हाई, माझ्या भावाच्या बी न्हाई. खोट व्हती ती हिच्या पोटात."

मनात येतं, सांगावं की ती मुलं चांगली निघाली ती परक्यांशी सोयरीक झाली म्हणूनच. पण जे झालंच नाही ते कुणाला कसं दाखवू? आणि ती मुलं सुखरूप आहेत याचा आनंद मलाच सगळ्यात जास्त आहे, हेही खरं.

आत्या बोलत असते. मी मुलीला जेवू घालते. अजून तिचा हात तोंडाकडे जाताना चुकतो, कधी गालावर जातो, कधी कानाकडे. मी मनगट धरते आणि घास तोंडापाशी नेते.