बिनलग्नाची मिंट

आमच्या घरातलं सगळ्यात अवघड लग्न लॅपटॉपचं होतं.

नवरदेव जुना. बिजागरीला चिकटपट्टी, 'क'चं बटण रुसलेलं, आणि चालू केला की माझ्या पोळ्या लाटून होईपर्यंत पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं. त्यात एके दिवशी सूचना आली, की या विंडोजला यापुढे कंपनीकडून मदत मिळणार नाही. आमचे हे म्हणाले, "नवा घेऊ." मी म्हणाले, "कशाला? विंडोजच्या जागी लिनक्स टाकते." (मी जळगावातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. लिनक्सबद्दल मी एवढंच वाचलं होतं की ते फुकट असतं. 'फुकट' या शब्दापुढे मी सहसा वाचत नाही.)

हे बोलायची वेळ मात्र चुकली. नाना-नानींच्या, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. कार्यक्रम धुळ्याला, देवपुरात, थोरल्या दिरांकडे. जुने फोटो जोडून, मागे माझं निवेदन घालून मी एक फिल्म करणार, हे मी घरच्या ग्रुपवर आधीच जाहीर करून बसले होते. जाऊबाईंनी त्यावर फक्त 'बघू' असं लिहिलं होतं. त्या 'बघू'मुळे माझी इज्जत आता त्या चिकटपट्टीवर अवलंबून होती.

दुपारी जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून मी मोबाइलवर लिनक्सची माहिती वाचत होते. "लिनक्स एकच नसतं नाना. डिस्ट्रो म्हणून पुष्कळ प्रकार असतात. त्यातला आपल्याला शोभेल तो निवडायचा."

नानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मूळचे पाचोऱ्याकडचे आमचे नाना. नात्यातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली. निवडायचं म्हटल्यावर ते खातं त्यांचं.

"पयली कोन शे?"

"आर्च. पण ती येताना काही घेऊन येत नाही. सगळं आपणच एकेक करून जोडायचं."

"मंग पोर कसाले आननी? गवंडी आना. पुढली."

"फेडोरा. हुशार आहे, पण तिला सारखं नवं नवं लागतं."

"आपला नवरदेव म्हातारा शे. पुढली."

"मिंट. स्वभावानं साधी. जुन्या लॅपटॉपवरही नीट राहते म्हणतात."

"कोनी पोर शे?"

मी शोधलं. "उबंटूची."

"आनि उबंटू?"

"डेबियनची."

"घर जुनं शे," नाना समाधानानं म्हणाले.

आतून नानींनी विचारलं, "मराठी येस का तिले?"

"येतं."

"मंग चाली."

अशी मिंट पसंत पडली. आता बघण्याचा कार्यक्रम. लिनक्सची ही सोय झकास असते: पेन ड्राइव्हवर भरायचं, लॅपटॉपला लावायचं आणि आत न बसवताच चालवून बघायचं. आवडलं तर पडद्यावर 'इन्स्टॉल' म्हणून एक चित्र असतं, ते दाबलं की ती कायमची घरची.

घरात पेन ड्राइव्ह एकच होता. नानांचा, निळा, लाल दोरा बांधलेला, त्यांच्या अहिराणी गाण्यांनी गच्च भरलेला. गाडीत बसले की नाना आधी तो लावायचे, मग पट्टा. मिंट भरताना कॉम्प्युटरनं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी 'हो' दाबलं. (इशारे मी वर्गात देते, घेत नाही.) गाणी ह्यांनीच कुठून तरी भरून दिली होती, परत देतील, असा माझा हिशेब होता. नानांना मी हे सांगितलं नाही. आनंदाच्या प्रसंगी कशाला?

मिंट आली. हिरवी, टापटीप, आवाज न करणारी. नानींनी लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं. मी 'इन्स्टॉल' दाबायला बोट नेलं, तर नानांनी मनगट धरलं.

"थांब माय. दादाले दखाडू, मंग हो म्हनू."

आमच्याकडे थोरल्यानं पाहिल्याशिवाय होकार जात नाही. दादा म्हणजे देवपूरचे माझे दीर. ते भेटणार थेट कार्यक्रमालाच. "पण तोवर वापरायला काय हरकत?" मी विचारलं. हरकत काय ते नानांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मग मी संसारच मांडला. फोटो चढवले, निवेदन केलं, नानींचा तरुणपणचा फोटो आला की बासरी वाजेल अशी व्यवस्था केली. मिंट अजून पेन ड्राइव्हवरच राहत होती, म्हणून तो कधी काढला नाही आणि लॅपटॉप कधी बंद केला नाही. काम झालं की झाकण मिटायचं, उघडलं की सगळं जागच्या जागी. शाळेत मी "आम्ही हल्ली लिनक्सवर असतो" असं म्हणायला लागले. गणिताच्या सरांना सल्लेही दिले. ही सगळी फिल्म अधांतरी आहे आणि लॅपटॉप एकदा बंद झाला की पुसली जाणार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. 'फुकट'च्या खाली.)

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही निघालो. गडबडीत नाना मागे बसले होते; एरंडोल गेलं आणि त्यांना गाण्यांची आठवण झाली. मी खिडकीबाहेर कपाशी बघायला लागले. नानांनी खिसे चाचपले, मग त्यांना शेजारच्या माझ्या बॅगेतून लाल दोरा लोंबताना दिसला.

"हाऊ काय, आठेच शे!" त्यांनी तो झोपलेल्या लॅपटॉपमधून उपटला आणि पुढे ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी गाडीत लावला. गाडी गप्प.

"मना गाना कथा गयात?"

"गाणी कुठे जातील? इकडे रेंज नसते नाना," मी म्हणाले. पेन ड्राइव्हला रेंज लागत नाही, हे नानांना पारोळा येईपर्यंत सुचलं नाही. सुचल्यावर ते धुळ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

देवपुरात हॉल भरलेला. लॅपटॉप टीव्हीला जोडला, मी दोन शब्द बोलले (दोनपेक्षा जास्त), आणि झाकण उघडलं. काळा पडदा. त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर वर सरकायला लागल्या.

"इंग्रजी पिक्चर आहे का गं?" जाऊबाईंनी गोड आवाजात विचारलं.

पेन ड्राइव्ह परत लावून मी लॅपटॉप बंद करून चालू केला. मिंट आली. पहिल्या दिवशी आली होती तशीच, कोरी करकरीत, आम्हाला कुणाला ओळखतच नसल्यासारखी. फोटो नाहीत, बासरी नाही. नुसतं ते 'इन्स्टॉल'चं चित्र. मला भर हॉलमध्ये रडू आलं.

दादा पुढे आले. "अगं, तू हे इन्स्टॉलच केलं नाहीस?"

"तुम्ही बघायचं राहिलं होतं ना."

"मी?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना पंख्याकडे बघत होते.

दादांनी पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा चालू केला. जुनी विंडोज तशीच आत होती. पडद्यावर गोल फिरायला लागलं, हॉलमध्ये चहा फिरला, कप रिकामे झाले तेव्हा कुठे ती उघडली. आणि आमचे हे मागून म्हणाले, "नानांची गाणी यातच आहेत. मी इथूनच तर भरली होती."

मी इन्स्टॉल केलं असतं, तर तेव्हाही त्यानं 'सगळं पुसू का' विचारलं असतं, आणि मी 'हो' म्हटलंच असतं.

गाणी लागली. पन्नास वर्षांत चारचौघांत नानांचा हात न धरलेल्या नानींनी त्यांना ओढून उठवलं आणि नाचवलं. जाऊबाईंनी ते मोबाइलवर टिपलं. आता घरात सगळे तीच फिल्म बघतात. माझ्या बासरीची चौकशी कुणीही केलेली नाही.

"बरं व्हयनं, लगन लागनं नही," नाना घाम पुसत मला म्हणाले. आमचं बोलणं सुरू झालं.

आधी गाणी नीट काढून ठेवून, दादांच्या साक्षीनं, दुसऱ्या दिवशी मिंट रीतसर आत बसवली. नानींनी अक्षता टाकल्या. एक दाणा 'क'खाली गेला, तो अजून तिथेच आहे. बाकी नवरदेवाचं उत्तम चाललंय.

माझं तेवढं चालत नाही. ग्रुपवर मी काहीही जाहीर केलं, अगदी लोणचं घातलं म्हटलं, तरी जाऊबाईंचा प्रश्न हजर: "लगन लागनं का?"

मी मुकाट्यानं उत्तर लिहिते, "हो. दादांना दाखवलंय."