लोण्याखालची देवी

आईनं अंथरूण धरलं आणि एकच धोशा लावला, "माझ्या माहेरची देवी मला दाखव." तिला हलवणं शक्य नव्हतं. मी पडलो चित्रकलेचा मास्तर! देवीचं चित्र काढून आणायला ऐन वैशाखात पुण्याहून निघालो. निजामाच्या हद्दीत नाक्यावरच्या शिपायानं माझ्या रंगांची एकेक नळी उघडून हुंगली. पांढरा रंग निम्मा त्याच्या मिशीलाच गेला.

वसमत स्टेशनापासून तुपाचे व्यापारी कासिमभाई यांच्या बैलगाडीत, रिकाम्या डब्यांच्या खडखडाटात, डोंगरकडा गावाकडे निघालो. आईचं गाव वाटेतच. तिथे माणसांपेक्षा म्हशीच जास्त दिसल्या. गावाचा भाचा आला म्हणून घरोघरी खरवस. नको म्हणायची सोय नाही!

गावातलं देवीचं देऊळ काळ्या दगडाचं, हेमाडपंती. खांबांवरची नक्षी पाहून शीण गेला. गाभाऱ्यात वाकलो आणि कपाळावर हात मारला. देवी कुठली? लोण्याचा भलाथोरला गोळा आणि त्यात खोचलेले दोन चांदीचे डोळे!

"म्हैस व्याली की पहिलं लोणी देवीला," गुरव म्हणाला.

"तोंडापुरतं तरी खरवडा हो!"

"काहून बरं? उन्हाळा हाय. तिला थंडावा नको?"

"पण तोंड आहे कसं?"

"कुनी पाह्यलंय?"

तेवढ्यात एक बाई वाटी घेऊन आली. "सरका हो भाचे," म्हणत तिनं चार बोटांनी आणखी लोणी थापलं.

"अहो बाई, मी चित्र काढतोय!"

"काढा की. आमचं बी येऊ द्या त्यात."

दाराशी उभे असलेले कासिमभाई हसले. "हमारे घर का भी पैला मक्खन इधरीच आता, मास्टरसाब. तकलीफ कायकू करते?"

आईनं हे आधी सांगायला काय झालं होतं? चरफडत तो गोळा जसा होता तसा कागदावर उतरवला.

पुण्याला येऊन चित्र आईपुढे धरलं. "तोंड काही दिसलं नाही," मी वैतागून म्हणालो.

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "पारडी मी वाढवली. ती गाभण असतानाच माझं लगीन करून दिलं. पहिलं लोणी वहिनीनं लावलं. जा, वाटीत लोणी आण."

खाईल म्हणून हौसेनं आणलं. तिनं चार बोटं बुडवली आणि चित्रावर फासली. माझ्या सगळ्या मेहनतीचं वाटोळं! ओरडायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा पाहिला आणि वाटी तिच्या हाताजवळ धरली.